पाहत राहण्याची विद्या

नागपूर हे स्वस्थ बसण्यासाठी नावाजलेले शहर नव्हे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की राज्यभरातले मोर्चे इथे येऊन धडकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की भल्याभल्यांचा संयम सुटतो. आणि पानठेल्यावर उभा राहून राजकारणावर एकही मत न देणारा माणूस दिसला, तर तो बाहेरगावचा समजावा. अशा या शहराच्या अवतीभवती गेल्या सत्तर वर्षांत ध्यानाची एक भक्कम परंपरा रुजली आहे. कळमेश्वर रस्त्याच्या बाजूला माहुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. कामठी रस्त्यावर नागलोक या बौद्ध साधना-संस्थेचा परिसर आहे. खुद्द कामठीत जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने १९९९ मध्ये उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस टेम्पल असून त्याच्या आवारातील विपश्यना केंद्राचे उद्घाटन २०१७ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. वर्ध्याच्या वाटेवर पवनारला विनोबांचा आश्रम आहे. एवढे सगळे हाकेच्या अंतरावर असूनही त्यामागचा विचार काय, हे सांगणारे मराठी लेखन सामान्य वाचकाच्या हाती फारसे पडत नाही. ही प्रस्तावना त्या विचाराकडे जाणारी वाट दाखवण्यासाठी आहे.

विषय साक्षीभावाचा आहे. मनात एखादी भावना उठली की ती उठल्याचे कळणे, ती शरीरात आणि विचारांत काय करते आहे हे पाहणे, आणि तिच्यामागे लगेच न धावणे, एवढीच त्याची कामचलाऊ व्याख्या इथे पुरे. ऐकायला हे इतके सोपे वाटते की यात अभ्यासण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. वाचकांनी तो प्रश्न मनात राहू द्यावा. याच साध्या गोष्टीवर भारतात अडीच हजार वर्षे चर्चा झाली, दर्शने उभी राहिली, त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले, आणि आज जगभरच्या रुग्णालयांत तिचा वापर होतो. त्याचे कारण हळूहळू उलगडेल.

पहिली गोष्ट अशी की, ही कल्पना एकाच घराण्याची मालमत्ता नाही. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टांत आहे: एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. सांख्यांनी या पाहणाऱ्याला पुरुष म्हटले, त्याला साक्षी आणि अकर्ता ठरवले, आणि राग, लोभ, शोक यांची सारी धावपळ प्रकृतीच्या खात्यावर टाकली. पतंजलीने योगाची मांडणी याच पायावर केली. गीतेच्या चौदाव्या अध्यायातला गुणातीत आणि दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या अठरा श्लोकांतला स्थितप्रज्ञ ही याच विचाराची माणसात उतरलेली चित्रे आहेत.

बुद्धाची वाट वेगळी आहे आणि हा वेगळेपणा वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावा. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार क्षेत्रांवर सतत लक्ष ठेवायला सांगितले आहे. पण लक्ष ठेवणारा कोणी नित्य आत्मा आहे, असे तिथे मानलेले नाही. पाहणे आहे, पाहणारा कायमचा नाही. वेदांती साधक भावना बाजूला सारत सारत शेवटी साक्षीपाशी थांबतो, तर बौद्ध साधक साक्षीलाही अनित्याच्या यादीत घालतो. गप्पांमध्ये ‘सगळे मार्ग एकच’ असे म्हणून हा भेद झाकला जातो. त्यात सौजन्य असते, पण अभ्यासाचे नुकसान होते. दोन्ही मार्ग सरावाच्या पहिल्या टप्प्यावर शेजारी शेजारी चालतात आणि पुढे त्यांना फाटा फुटतो, एवढे समजून वाचले तर दोन्हींचा आदर राहतो.

मराठीने या चर्चेत घातलेली भर अभिमानाने सांगावी अशी आहे. ज्ञानदेवांनी गुणातीताचे वर्णन लोकभाषेत आणले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण चांगदेव पासष्टीच्या अवघ्या ६५ ओव्यांत ते त्याच्याही पुढे जातात. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन या त्रिपुटीतला द्रष्टाही तिथे वेगळा उरत नाही. रामदासांनी दासबोधात तुर्येला सर्वसाक्षिणी अवस्था म्हटले आणि तिच्यापाशीही मुक्काम करू दिला नाही. विसाव्या शतकात मुंबईच्या खेतवाडीत राहणारे, विड्यांचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज आपल्या माडीवर याच विषयावर रोज मराठीत बोलत. मॉरिस फ्रीडमन यांनी केलेला त्या संवादांचा इंग्रजी अनुवाद १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे गिरगावातला तो जिना चढू लागली. विनोबांनी १९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगात सोबतच्या कैद्यांपुढे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हे पुस्तक त्यांतूनच तयार झाले. कोंडलेल्या, उद्या काय होईल हे ठाऊक नसलेल्या माणसांसमोर चित्ताच्या स्थिरतेचा विचार मांडावा लागला, म्हणूनच त्यात पोकळ उपदेश सापडत नाही.

आता नागपूरकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या साक्षीने इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर कुशीनगरहून आले होते, पण त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला. पुढे याच ब्रह्मदेशातून दुसरा एक प्रवाह नागपूरला येऊन मिळायचा होता. रंगूनला सयाजी ऊ बा खिन नावाचे गृहस्थ सरकारी नोकरी सांभाळून ध्यान शिकवत होते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयासमोरून रोज जाणाऱ्या नागपूरकराला हे ऐकून गंमत वाटेल: ताळेबंद तपासणाऱ्या या अधिकाऱ्याने आपल्या कार्यालयातच ध्यानाची सोय केली होती. सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने त्रासून. औषध म्हणून टोचले जाणारे मॉर्फिन सुटावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. चौदा वर्षे शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे सुरू झाली आणि तिथून ही साधना महाराष्ट्रभर पसरली. माहुरझरीचे केंद्र याच शाखेचे. ज्या माहुरझरीच्या मातीत पुरातत्त्वज्ञांना महापाषाणयुगातली शिळावर्तुळे सापडली, तिथे आज पहाटे चारच्या घंटेने साधक उठतात.

आणखी एक प्रवाह नागलोकचा. इंग्रज भिक्षू संघरक्षित ६ डिसेंबर १९५६ रोजी नागपुरात असताना बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली. त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर जमलेल्या शोकाकुल जनसमुदायापुढे ते बोलले. त्यांनी पुढे उभारलेल्या संघाच्या भारतीय शाखेतून, त्यांचे शिष्य लोकमित्र यांच्या पुढाकाराने, नागलोकचे काम वाढले. तिथे श्वासावर लक्ष ठेवणारी आनापानसती आणि मैत्री भावना अशा दोन साधना जोडीने शिकवतात. या जोडीचे महत्त्व पुढे येईल.

इतके संदर्भ झाल्यावर साधनेत नेमके काय घडते, ते जरा जवळून पाहू. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात आर्य मौन पाळावे लागते. बोलणे, वाचणे, लिहिणे, फोन, सारे बंद. पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि त्यानंतर रोज तीनदा, तास-तासभर, हातपाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचे. त्याला अधिष्ठान म्हणतात. वीसेक मिनिटांनी गुडघा बोलू लागतो. आधी ‘गुडघा दुखतो आहे’ एवढेच कळते. नीट पाहिले की हे दुखणे एकसंध राहत नाही. वाटीच्या आतल्या बाजूला जळजळ आहे, कडेला ठणका आहे, पोटरीत मुंग्या आहेत, आणि ठणका नाडीच्या ठेक्याबरोबर कमी-जास्त होतो आहे. त्याच वेळी आणखी काही चालू असते: किती वाजले असतील, घंटा का होत नाही, शेजारचा इतका स्वस्थ कसा बसला आहे, आपण इथे आलोच कशाला. जबडा आवळलेला असतो, श्वास वरच्या वर अडलेला असतो. कधीतरी साधकाला दिसते की दुखणे एक आहे आणि दुखण्यावरची चरफड दुसरी. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात बुद्धाने हेच दोन बाणांच्या रूपकातून सांगितले आहे. पहिला बाण लागतो तो शरीराला. दुसरा आपला आपणच मारून घेतो.

बौद्ध विचारातल्या कार्यकारणाच्या साखळीत स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा येते. इथे वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कोणतीही जाणीव. साधनेचा सगळा भर वेदना आणि तृष्णा या दोन कड्यांमधल्या सांध्यावर असतो. जाणीव येणारच, ती हवी किंवा नको म्हणून मन धावते, ते धावणे दिसले पाहिजे. म्हणून शिबिरात ‘समता’ हा शब्द सतत कानावर पडतो.

शिबिर संपून घरी आल्यावर याचे काय होते, हेही पाहा. शेताच्या वाटणीवरून भावाचा फोन येतो. दुसऱ्याच वाक्याला तुमची कानशिले तापतात, घसा कोरडा पडतो, आणि जिभेवर असे एक उत्तर येऊन उभे राहते, जे कधीच्या तरी दिवाळीपासून जपून ठेवलेले असते. साक्षीभावाचा अभ्यास असेल, तर फोन कानाला असतानाच कानशिलांची ती ऊब तुमच्या ध्यानात येते. वाटणीचा प्रश्न तसाच आहे, त्याचे उत्तर द्यायचेच आहे, हिशेबही मांडायचा आहे. मात्र ते जुने उत्तर पुढे सरकताना दिसले, तर ते द्यावे की न द्यावे हे निदान तुमच्या हाती राहते. इतक्याच स्वातंत्र्यासाठी ही सगळी खटपट आहे.

इथे एका मोठ्या गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. भावनांपासून अलिप्त होणे म्हणजे भावना न होणे, असे पुष्कळांना वाटते. मग ध्यान करणारा माणूस घरच्या लग्नात कोरडा आणि मयतीला दगडासारखा असेल, अशी समजूत होते. काही साधक स्वतःही या चकव्यात सापडतात. रडू आले की ते साधनेत कमी पडल्याची खूण मानतात, दुःख दाबतात आणि त्या दाबण्यालाच समता म्हणतात. पाहण्यासाठी भावना आधी पुरती जाणवावी लागते. जी जाणवलीच नाही, ती पाहणार कशी? दहाव्या दिवशी शिबिरात मैत्री भावना शिकवतात, आणि नागलोकमध्ये ती पहिल्यापासून श्वासाच्या साधनेच्या जोडीला असते, त्याचे कारण हेच. नुसते पाहणे थिजू शकते. त्याला मायेची ओल लागते. पतंजलीनेही चित्ताच्या प्रसन्नतेसाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चौघींना एकत्र सांगितले आहे. त्यातली शेवटची एकटीच उचलली, की अलिप्ततेचा आजार जडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि नागपुरात तो टाळता येत नाही. अन्यायाकडेही साक्षीभावाने पाहायचे काय? ज्या समाजाला शतकानुशतके सोसायलाच शिकवले गेले, त्याला पुन्हा ‘फक्त पाहा’ म्हणून सांगणे ही चलाखी ठरणार नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्याला ध्यान कळलेले नाही, असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत यांच्या दर्शनात न शोधता शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाणीतंट्यात दाखवले. दुःखाचा उगम माणसांच्या एकमेकांशी असलेल्या व्यवहारातही असतो, हे त्यांनी ठासून सांगितले. पण त्याच ग्रंथात चित्ताच्या संस्कारालाही त्यांनी केंद्रस्थान दिले आहे, आणि दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाच्या आचरणाची प्रतिज्ञा आहे. त्या मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी येतातच.

या दोन बाजू जुळतात कशा? साक्षीभावाचा विषय आपली आतली प्रतिक्रिया हा आहे. बाहेरच्या अन्यायावरचा निवाडा त्याच्या कक्षेत येत नाही. वेठबिगारी वाईट की बरी, हे श्वासाकडे पाहून ठरत नसते. ते विवेकाने ठरते, आणि ठरल्यावर लढावे लागते. लढताना मात्र संताप कोणाच्या हाती आहे, याला महत्त्व येते. संतापावर चालणारी चळवळ संताप ओसरला की थांबते, किंवा डिवचणाऱ्याच्या तालावर नाचू लागते. आपला संताप ओळखून असणारा कार्यकर्ता अधिक काळ टिकतो आणि डिवचला जात नाही. अर्थात कामाचा बोजा कमी करण्याऐवजी नोकरांना ध्यानाला पाठवणारे मालकही असतात, तेव्हा आक्षेपाची धार कायम ठेवणेच शहाणपणाचे. माझ्या मते या विषयाला नागपूरने दिलेली सर्वांत मोलाची देणगी हीच आहे: इथे ध्यानाला न्यायाच्या प्रश्नासमोर उभे राहावे लागते. हिमालयाच्या गुहेत ही परीक्षा होत नाही.

आधुनिक विज्ञानाकडूनही थोडी मदत मिळते. अमेरिकेत जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकालीन दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. पुढे जॉन टीसडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या लोकांसाठी तसाच उपचार तयार केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, ज्यांना नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेले होते, त्यांच्यात ते परत येण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. ज्यांना दोनदाच आले होते, त्यांना तसा लाभ दिसला नाही. हा निष्कर्ष दोन्ही अंगांनी मोलाचा आहे. साधनेने काही जणांचे भले होते, सगळ्यांचे सारखे होत नाही. गंभीर मानसिक आजाराचा इतिहास असेल, तर दीर्घ मौनाची शिबिरे त्रासदायक ठरू शकतात. शिबिराच्या अर्जात त्याची विचारणा असते, ती औपचारिकता समजू नये. औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि स्वतःहून एकही गोळी बंद करू नये.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून करावी याचा. वाचनाने सुरुवात करणार असाल तर विनोबांचे स्थितप्रज्ञ-दर्शन आधी घ्या. भाषा ओळखीची आहे आणि विचाराला शिस्त आहे. मग सतिपट्ठान सुत्ताचा एखादा मराठी अनुवाद सावकाश वाचा. चांगदेव पासष्टी शेवटी ठेवा, कारण जो द्रष्टा तोवर हाती लागल्यासारखा वाटेल, तो ती काढून घेते. एका वेळी एकाच परंपरेत राहावे. आज श्वास, उद्या मंत्र, परवा ‘मी कोण’ असा फेरा धरला, तर कशाचीच चव कळत नाही. प्रत्यक्ष बसायचे असेल तर रोज दहा मिनिटेही चालतील. दहा दिवसांचे शिबिर करायचे असेल तर तिथे फी नसते, खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. पण दहा दिवस पूर्ण राहण्याची तयारी असेल तरच नाव नोंदवावे. आणि बसायची इच्छाच नसेल, तरी वाचकांनी संकोच करू नये. मनाच्या व्यवहारांविषयी इतके बारकाईने लिहिले गेलेले वाङ्मय केवळ कुतूहलापोटी वाचायलाही सर्वांना मुभा आहे.

प्रगती कशी मोजावी, असे नवे लोक नेहमी विचारतात. बसल्यावर प्रकाश दिसला का, अंग हलके झाले का, या गोष्टींना फार किंमत देऊ नका. राग आल्यापासून तो आल्याचे कळेपर्यंत किती वेळ गेला, एवढे पाहा. सुरुवातीला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. मग भांडण संपल्यावर जिन्यात कळते. पुढे कधीतरी वाक्य अर्धे झाले असताना कळते, आणि उरलेले अर्धे बदलता येते. ज्याला आपले अर्धे वाक्य बदलता आले, त्याच्या हाती या शास्त्राचा पहिला धडा आला असे खुशाल समजावे. पुढचे धडे दर्शनकारांनी, संतांनी आणि साधकांनी लिहून ठेवलेलेच आहेत, आणि त्यांतले कितीतरी आपल्याच भाषेत आहेत.